हिरव्या चामड्यातल्या वह्या

सोमवार, ६ सप्टेंबर १९३७

जो कोणी हे वाचेल त्याची आधीच माफी मागते. बहुतेक मीच वाचेन. शुद्धलेखनाच्या नावाने माझी बोंब आहे आणि टायपिंग दोन बोटांचं. एवढ्या दोन ओळी व्हायला लागलेल्या वेळात माझी भाजी चिरून झाली असती.

बाबा म्हणाले, "लोरे, रोज एक पान स्वतःचं टाइप कर. काय वाट्टेल ते लिही. बोटं वळतील." म्हणून ही दैनंदिनी. यंत्र फ्रेंच आहे, तूलोंच्या जुन्या बाजारातलं. आमच्या जर्मन अक्षरांवर लागतात ते दोन ठिपके यात नाहीतच. पान पूर्ण झालं की पेन घ्यायचं आणि ठिपके देत बसायचं. बाबा त्याला मीठ भुरभुरणं म्हणतात.

मी सोळा वर्षांची आहे. शाळा चौदाव्या वर्षी सोडली. इथल्या शाळेत मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची, म्हणून मी तोंड उघडणंच बंद केलं. मग बाईंना वाटलं हिला काहीच येत नाही. आईने दोन वेळा भांडून बघितलं, तिसऱ्या वेळी दप्तर काढून घेतलं आणि त्यात बटणं भरून ठेवली. अजूनही चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. पण टाइप करताना होत नाही, हे आजच कळलं.

बाबा म्हणजे गॉटफ्रीड टेसनर, कादंबरीकार. सहा कादंबऱ्या झाल्यात, त्यातली एकही आता आमच्या देशात मिळत नाही, बंदी आहे. तेहतीसच्या मार्चमध्ये आम्ही वेटेनबाख सोडलं, दोन ट्रंका घेऊन, आणि फिरत फिरत फ्रेंच किनाऱ्यावरच्या या सां-क्लेर बंदरात आलो. लढाईत, सतरा साली, बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली. ते डाव्या हाताने लिहितात, पेन्सिलीने, पहिलीतल्या मुलासारखं मोठं मोठं. ते अक्षर वाचता येणारी माणसं जगात दोनच, आई आणि मी. आईला शिवणातून वेळ नाही. म्हणजे उरले मी.

सातवी कादंबरी ८ ऑक्टोबरच्या आत आम्सटरडामच्या प्रकाशकाला टपालाने जायला हवी. माझ्याशिवाय ती जाणार नाही. ही फुशारकी नाही, असंच आहे.

बुधवार, ८ सप्टेंबर

आज अकरावं प्रकरण टाइप केलं. एकोणीस चुका झाल्या, कारण मी टाइप करायची सोडून वाचतच बसत होते. बाबांनी इतकं छान आजवर लिहिलेलं नाही.

गोष्टीतला फेलिक्स लढाईवरून परत येतो, उजवा हात निकामी झालेला. गावात पुस्तकं बांधणारी एक बाई असते, फ्राऊ मारिया. ती डावरी. ती त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवते. तिच्या दाराशी सात पायऱ्या, डाव्या कानाखाली तीळ, बाहीला खळीचा वास, आणि दोरा ओढताना ती गुणगुणते. पुढे फेलिक्सला देश सोडावा लागतो तेव्हा लढाईतल्या त्याच्या आठ वह्या ती चर्चच्या प्रार्थनापुस्तकांच्या हिरव्या चामड्याच्या पुठ्ठ्यांत बांधते आणि चर्चच्या फळीवर सगळ्यांच्या समोर ठेवून देते.

ही मारिया म्हणजे आमच्या वेटेनबाखची टिल्डा क्रोल. लहानपणी ती मला चामड्याचे तुकडे द्यायची, मी त्यांचे बाहुलीला जोडे करायचे. बाबांच्या आठ वह्या खरोखर तिने तशाच बांधल्यात. त्या अजून तिथेच आहेत, आणि बंदी असलेल्या लेखकाचं असं काही लपवलेलं सापडलं तर तुरुंग.

टिल्डाबाईचं दर नाताळात एक कार्ड येतं, गावच्या पुलाचं चित्र. त्यावर सही नसते, काही लिहिलेलं नसतं, कडेला निळा दोरा ओवलेला असतो. म्हणजे ती आहे, ठीक आहे. आई ते कार्ड शिवणाच्या ड्रॉवरमध्ये कात्रीखाली ठेवते.

रविवार, १२ सप्टेंबर

काल शनिवार, म्हणजे वाचनाची दुपार. आमच्यासारखे देश सोडून आलेले तिघे येतात. झीबेल काका पूर्वी चामडं विकत गावोगाव हिंडायचे. डॉक्टर हिर्शबर्ग बाई दातांच्या डॉक्टर, पण इथे त्यांना कोणाच्या तोंडात बोट घालायची परवानगी नाही. आणि नोल्टे मास्तर, लॅटिन शिकवायचे. बाबा नवीन प्रकरण वाचतात आणि हे तिघे चुका पकडतात. म्हणजे व्याकरणाच्या नाही, आमच्याकडच्या. कुठल्या गावात घंटा आधी वाजते, कुठल्या स्टेशनवर सॉसेजची गाडी कुठल्या बाजूला असते. चूक निघाली की पकडणाऱ्याला केकचा कोपऱ्यातला तुकडा आणि बाबांना बिनसाखरेची कॉफी. गेल्या चार वर्षांत बाबा फक्त तीनदा कडू कॉफी प्यायले.

काल अकरावं प्रकरण होतं. आई हॉटेलात एका बाईचे कपडे बेतायला गेली होती. बाबा मारियाच्या सात पायऱ्यांपर्यंत आले आणि झीबेल काकांनी मांडीवर थाप मारली.

"अरे, ही तर वेटेनबाखची बाइंडर बाई. डावरी, कानाखाली तीळ. क्रेल? क्रोल. क्रोलच."

"तू तिला ओळखतोस?" बाबांचा चेहरा एकदम फुलला.

"दोनदा गेलो असेन तिच्याकडे, आठ-नऊ वर्षांपूर्वी. पण गॉटफ्रीड, तू असं लिहिलंयस की मला ती दारात उभी दिसली."

नोल्टे मास्तर म्हणाले, "झीबेल, तुला पुस्तकं फक्त बाहेरून ओळखता येतात."

"तुम्हाला आतून येत होती ना मास्तर, तरी नोकरी गेलीच की."

सगळे हसले. चूक निघालीच नव्हती, उलट शाबासकी, म्हणून बाबांनी स्वतःच कॉफीत तीन चमचे साखर घातली. मग पुस्तकाबद्दल बोलणं निघालं. प्रकाशक एक आवृत्ती पातळ कागदावर काढणार आहे, वर बियाण्यांच्या कॅटलॉगचं कव्हर, आणि ती चोरून सरहद्दीपलीकडे, जर्मनीत पाठवणार. "आपली माणसं वाचतील," बाबा म्हणाले.

मी शेगडीमागे बसले होते. मला एकच दिसत होतं. दोनदा भेटलेल्या माणसाने तिला अर्ध्या मिनिटात ओळखलं. मग ज्यांचं कामच ओळखायचं आहे ते किती वेळ घेतील? आपली माणसं वाचतील, पण त्यांची पण वाचतील ना. आणि पुस्तकात सरळ लिहिलंय की वह्या कुठे आहेत.

मला हे तेव्हाच बोलायचं होतं. घसा बंद.

सोमवार, १३ सप्टेंबर

बोलता येत नाही तर टाइप करता येतं. चिठ्ठी लिहिली: "बाबा, झीबेल काकांनी ओळखलं, पोलीस पण ओळखतील. टिल्डाबाईला धरून नेतील. प्रकरण बदला. लोरे." ठिपके दिले आणि बाराव्या प्रकरणाच्या कागदांत खोचली.

मंगळवार, १४ सप्टेंबर

बाबांनी चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलंय. "नाव बदललेलं आहे. पोलीस कादंबऱ्या वाचत नाहीत. बाराव्यात ओळ सुटलीय, पान ४."

ओळ खरंच सुटली होती. पण बाबांचं चुकतंय. पोलिसांनी त्यांच्या सहा कादंबऱ्या वाचल्या नसत्या तर आम्ही इथे सार्डिन कशाला खात बसलो असतो?

शुक्रवार, १७ सप्टेंबर

आईला सांगितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या आणि म्हणाली, "वाच."

आईने हे प्रकरण वाचलेलंच नव्हतं. एरवी सगळी प्रकरणं सगळ्यांत आधी तीच वाचते. बाबांनी हे थेट मला दिलं होतं, घाई असेल. मी वाचायला लागले. तिळाशी आल्यावर ती म्हणाली, "तेवढं परत वाच." मी परत वाचलं. ती स्कर्टची पट्टी शिवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की शिवलेलीच पट्टी ती परत शिवतेय, म्हणून उसवत बसली. मी शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे तुझं," आई म्हणाली. "लिहून घे. डावरी काढायची. तीळ काढायचा. बाहीचा वास काढायचा."

"वासाने पोलिसांना काय कळणार?"

"त्यांच्याकडे कुत्री असतात."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अशा बाबतीत आईचं डोकं फार चालतं. गुणगुणणंसुद्धा तिने यादीत घालायला लावलं.

रविवार, १९ सप्टेंबर

काल वाचन झालं नाही, डॉक्टर बाईंना ताप होता. त्या म्हणतात, दुसऱ्यांना तपासता येत नाही म्हणून स्वतःच आजारी पडते, सवय राहावी.

आज आई आणि बाबा स्वयंपाकघरात बोलत होते. दार उघडं होतं, मी ठिपके देत होते.

आई म्हणाली, "ती बाई पुस्तकात राहिली तर तिकडे राहणार नाही."

"इर्मा, माझ्याजवळ काय उरलंय? घर गेलं. वाचणारे गेले. जे होतं ते होतं तसं सांगणं एवढंच उरलंय. तेही कापून छोटं करू?"

"मी दिवसभर तेच करते. लोक उपाशी मरत नाहीत त्याने."

बाबांनी खुर्ची सरकवली. "हा डावा हात तिने दिलाय मला. हे एकदा तरी कुठेतरी लिहायला नको?"

"मला माहीत आहे कोणी दिलाय. अठरा वर्षं मला चिठ्ठ्या त्याच हाताच्या येतायत."

बाबा टोपी न घालता धक्क्याकडे गेले. पोलिसांबद्दल चाललेलं बोलणं आईने मध्येच चिठ्ठ्यांवर कशाला नेलं, कळलं नाही. नाहीतर बाबा कबूल होतच आले होते.

मंगळवार, २१ सप्टेंबर

आई म्हणाली, पुलाची कार्डं जाळून टाक, घरात नकोत. चार नाताळांची चार होती. मला ड्रॉवरमध्ये तीनच सापडली. तीन शेगडीत घातली. दोरा आधी जळतो, कागद मागून.

गुरुवार, २३ सप्टेंबर

बाबांनी दोन दिवस एक अक्षर लिहिलं नाही. ८ तारीख जवळ येतेय. मग मीच अकरावं प्रकरण बदललं. होय, मी. शाळा न शिकलेली. आधी भीती वाटली, तिसऱ्या ओळीनंतर वाटेनाशी झाली.

बाईचा पुरुष केला. तीळ, वास, डावरेपण, गुणगुणणं, सगळं काढलं. सात पायऱ्यांच्या चार केल्या. गाव नदीकाठाहून उचललं आणि डोंगरात ठेवलं. फेलिक्स डाव्या हाताने लिहायला आपला आपणच शिकतो. झालं. सहा पानं, नऊ चुका.

बाबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली. मला वाटलं ओरडतील, पण ते म्हणाले, "वाक्यं बरी आहेत. पण कोणी आपलं आपण शिकत नसतं, लोरे."

"शनिवारी हीच वाचा ना. झीबेल काकांनी ओळखलं नाही तर हीच पाठवायची." एवढं लांब वाक्य मी बाबांशी सलग बोलले.

"खोटं मी वाचणार नाही. तुला एवढी खात्री असेल तर तू वाच."

त्यांना माहीत आहे की मी वाचणार नाही. म्हणूनच म्हणाले.

रविवार, २६ सप्टेंबर

वाचलं.

पहिल्या पानाला माझा आवाज असा निघत होता की डॉक्टर बाईंनी विचारलं, "घशाला काय झालंय हिच्या?" आई काल मुद्दाम घरी थांबली होती, तिने मला पाणी दिलं आणि खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी आधी सांगून टाकलं की आज खेळ वेगळा आहे. चूक पकडायची नाही. हा माणूस कोण ते ओळखायचं.

दुसऱ्या पानापासून आवाज सुटला. कोणी काही बोलेना. नोल्टे मास्तरांनी आठ्या घातल्या पण गप्प. मला वाटलं, जिंकले. मग वह्यांचा भाग आला. हिरव्या चामड्याची प्रार्थनापुस्तकं.

"थांब थांब," झीबेल काका म्हणाले. "हिरवं? प्रार्थनापुस्तकाला काळं चामडं लागतं गं पोरी. हिरवं होतं ते रंगाच्या कारखान्यात बिघडलेलं. महिनाभर गाडीत घेऊन हिंडलो, कोणी हात लावेना. शेवटी अख्ख्या हेसेनमध्ये एकाच वेड्या बाईने घेतलं." ते थांबले. "क्रोलने. वेटेनबाखच्या क्रोलने. काय रे गॉटफ्रीड, तिला मिशा लावल्यास की काय?"

या वेळी कोणी हसलं नाही. बाबा खिडकीशी आमच्याकडे पाठ करून बसले होते, ते वळले.

"झीबेल, हे आणखी कोणाला माहीत असेल?"

"हिरव्याचं? सगळ्यांना. आमच्या धंद्यात वर्षभर तोच विनोद चालला होता. त्यांच्या चर्चचा पाद्री मला म्हणाला होता, आमची प्रार्थना आता पालकासारखी दिसते."

बाबांनी कप बाजूला ठेवला. मी ती पुस्तकं फळीवरून काढायची विसरले होते. बाबाही विसरले होते. आम्हाला दोघांना तो रंग इतका नेहमीचा होता की त्यात बदलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, "ती बाई जिवंत आहे का?"

"आहे," हे आई म्हणाली. "आणि राहणार आहे."

मंगळवार, २८ सप्टेंबर

बाबांनी पेन्सिलींना टोक करून ठेवलंय. सहाच्या सहा.

गुरुवार, ३० सप्टेंबर

आज सकाळी बाबांनी खुर्ची माझ्या यंत्राशेजारी आणली आणि म्हणाले, "चल. म्हातारा करू या."

दिवसभर आम्ही दोघांनी म्हातारा केला. बाबा म्हणाले, माणूस नुसता काढून टाकून चालत नाही, भोक राहतं आणि भोकातून सगळं दिसतं. त्याच्या जागी दुसरा पुरता माणूस उभा करायला लागतो. म्हणून त्याला लाकडी पाय दिला. पाळलेला कावळा दिला, तो कावळा दोरे चोरतो. म्हातारा चामडं वापरतच नाही, त्याला परवडत नाही, कापडाचे पुठ्ठे करतो. गाव पार पूर्वेला, वाळूतलं. फेलिक्सच्या वह्या तो कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरतो. "जर्मनीतली सगळी खुराडी उकरू देत त्यांना," बाबा म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.

फेलिक्सला डाव्या हाताने लिहायला तोच म्हातारा शिकवतो. तो स्वतः डावरा नाही. त्याच्याजवळ फक्त वेळ भरपूर आहे आणि पोरगा रडला तर तो कावळ्याकडे बघतो, पोराकडे नाही. हे बाबांनी एका दमात सांगितलं, मला टाइप करता करता धाप लागली.

मग आईची यादी घेतली आणि एकेक खोडलं. तीळ. वास. डावरी. पायऱ्या. गुणगुणण्यापाशी बाबांची पेन्सिल थांबली. आई आमच्याकडे पाठ करून इस्त्री करत होती. तिला पेन्सिल दिसत नव्हती, तरी ती म्हणाली, "ते राहू दे. म्हातारेही गुणगुणतात."

बाबा उठले आणि आईच्या हातातली चादर दुसऱ्या टोकाने धरली. दोघांनी मिळून घडी घातली. मग दुसरी, मग तिसरी. बाबा कधी घड्या घालत नाहीत, त्यांना एका हाताने जमत नाही. मला म्हणायचं होतं की काम अर्धं राहिलंय. पण म्हटलं असू दे, आठ दिवस आहेत.

"खुराडं" शब्दाला आमच्याकडे जुना शब्द कुठला ते बघायला बाबांचा शब्दकोश उघडला तर आत चौथं कार्ड. पुलाचं, निळ्या दोऱ्याचं. पानाला आईच्या टाचणीने टाचलेलं होतं. तिने वाचताना खूण म्हणून लावलं असेल आणि विसरली असेल. लिहिलेलं तर काहीच नाही त्यावर, राहिलं म्हणून बिघडत नाही. आहे तसं ठेवलं.

रविवार, ३ ऑक्टोबर

परत मीच वाचलं. बाबा म्हणाले, "तू वाच, मी त्यांचे चेहरे बघतो." या वेळी पाणी लागलं नाही.

म्हाताऱ्याचा लाकडी पाय जिन्यावर वाजला तेव्हा डॉक्टर बाई पुढे वाकल्या. कावळा आला तेव्हा नोल्टे मास्तर नको इतके ताठ बसले. गुणगुणणं आलं. बाबांनी डोळे मिटले होते, म्हणजे ते कोणाचे चेहरे बघत होते कोण जाणे. वह्या खुराड्याखाली गेल्या. प्रकरण संपलं.

"ओळखला," डॉक्टर बाई म्हणाल्या.

काय काढायचं राहिलं ते शोधायला मी पानं उलटी चाळायला लागले.

"हा आमच्या ब्रेस्लाऊच्या गल्लीतला श्टाइनिग. आमच्या वडिलांची सगळी पुस्तकं त्याच्याकडेच जायची. तुम्हाला कुठे भेटला हा?"

"कसला श्टाइनिग," नोल्टे मास्तर म्हणाले. "हा आमच्या श्टेटीनचा म्हातारा लेव्हेरेन्झ. डावा पाय लाकडी. शाळेच्या वह्या तोच बांधायचा."

"उजवा पाय, मास्तर. मी डॉक्टर आहे."

"दातांच्या."

"तरी पाय मोजता येतात मला. दोनच असतात."

झीबेल काका कपाळ चोळत होते. "मी दोघांकडेही गेलो नाही कधी. पण या माणसाला मी दोरा विकलाय. शपथेवर सांगतो. कॉट्बुसच्या बाजूला. कावळ्याने माझी टोपी नेली होती."

"कावळा त्याचा नव्हताच," मास्तर म्हणाले, "शेजारणीचा होता," आणि मग तिघांची जी जुंपली ती केक संपेपर्यंत. प्रत्येकाला कोपऱ्याचा तुकडा हवा होता. आईने शेवटी चारही कोपरे कापले.

बाबांनी हात वर केला. "एक सांगा. हे तुमचे तिघे जिवंत आहेत का?"

श्टाइनिग पंचवीस साली वारला. लेव्हेरेन्झ लढाईच्याही आधी. झीबेल काकांचा म्हातारा तेव्हाच नव्वदीचा होता.

"मग ठीक," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "जन्मात पहिल्यांदा सगळं खोटं लिहिलं आणि एकही चूक निघाली नाही."

मला वाटतं त्यांना आनंदच झाला असावा. कॉफीत साखर घालायला मात्र विसरले आणि तशीच प्यायले.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

आज पाठवलं. चारशे बारा पानं, अकरावं प्रकरण नवं. तीन प्रती: एक आम्सटरडामला, एक नोल्टे मास्तरांच्या बहिणीकडे झुरिकला, एक घरी. जुन्या अकराव्याची सगळी पानं बाबांनी माझ्यासमोर शेगडीत घातली, कार्बन कागदसुद्धा, कारण कार्बन उजेडात धरला तर वाचता येतो हे मी त्यांना सांगितलं. शेवटचं पान त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवलं ते बोट चटकेपर्यंत. आईने बोटाला लोणी लावलं.

पोस्टात पार्सल मीच दिलं. पोस्टमास्तरने विचारलं आत काय आहे, आणि मी त्याला फ्रेंचमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्याने: कादंबरी. तो हसला नाही. म्हणाला, "मग दोरीचा आणखी एक फेरा मार."

टिल्डाबाई आता कुठेच नाही. चारशे बारा पानं कोणीही उलटीपालटी करून बघावीत, तीन खात्यांनी मिळून बघावीत, सापडणार नाही. वेटेनबाखमध्ये आज मंगळवार आहे म्हणजे ती दुकानात असेल, सात पायऱ्या झाडून घेत असेल, आणि तिला यातलं काहीही माहीत नाही. तसंच असायला हवं. बाबांनी विचारलं, पुढच्या कादंबरीचं टायपिंग कधी सुरू करतेस? मी म्हटलं, आधी लिहा तर खरं. आणि या वेळी माणसं मला आधी दाखवा.

आता ठिपके द्यायचे राहिलेत ते नंतर देईन, कारण खालच्या मजल्यावरची मादाम इस्नार ओरडतेय की टूना माशांचा केवढा तरी थवा खाडीत शिरलाय, जाळं लावून तोंड बंद केलंय, आणि दोर ओढायला गावातलं प्रत्येक माणूस हवंय, मीसुद्धा.